जुन्या पाकपुस्तकातून बिनदुधाचा स्वयंपाक: मराठवाड्यातल्या घरासाठी सुरुवात कुठून करायची

व्हीगन स्वयंपाक शिकायचा म्हणून नवं, महागडं पुस्तक घ्यायची गरज नाही. घरात आईचं किंवा आजीचं शाकाहारी पाकपुस्तक असेल तर तेच बाहेर काढा. मांस, मासे, अंडी त्यात आधीच नाहीत. राहिलं दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, पनीर आणि मध. एवढं वगळून जेवणारी माणसं जगभर आहेत. इंग्लंडमध्ये त्यांनी 1944 साली आपली संस्थाही काढली. पण आपल्याकडे ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, येसराची आमटी आणि वरून कच्चं करडीचं तेल असं जेवण फार पूर्वीपासून चालत आलंय. त्याला कुणी वेगळं नाव दिलं नाही, एवढंच.

नव्याने सुरुवात करणारे बहुतेकजण दुधाच्या जागी डब्यातलं सोयादूध ओततात, तुपाच्या जागी रिफाइंड तेल घालतात आणि पदार्थ बिघडला की कंटाळून सोडून देतात. असं सरसकट बदलून भागत नाही. प्रत्येक कृतीत दूध किंवा तूप नेमकं काय काम करतंय ते आधी ओळखायचं. ते काम दुसरं कोण करेल हे त्यानंतर शोधायचं. पुष्कळ कृतींत तर असं दिसतं की ते काही कामच करत नाहीये.

आधी पुस्तक वाचा

हातात पेन्सिल घेऊन पुस्तक चाळा. एका दिवसात संपवायची घाई नको. ज्या कृतीत दुधाचं काहीच नाही तिच्यापुढे बरोबरची खूण करा. भाकरी, पिठलं, झुणका, वांग्याचं भरीत, शेंगोळे, अंबाडीची भाजी, चुक्याची पातळ भाजी, सुशीला, कारळाची, जवसाची आणि तिळाची चटणी, ठेचा, कटाची आमटी या सगळ्या जशाच्या तशा चालतात. चिंच, गूळ, शेंगदाणे, तीळ आणि मिरचीचं तोंडीलावणं म्हणून जे पंचामृत करतात, तेही यातच. नैवेद्याचं पंचामृत वेगळं, त्यात दूध, दही, तूप, मध असतं. नाव एकच असल्यामुळे कृती पाहून खूण करा.

दुसरी खूण करा ती जिथे तूप फक्त शेवटच्या ओळीत येतं तिथे. ‘वरून साजूक तुपाची धार सोडावी’, ‘गरम असतानाच तूप घालून वाढावे’ अशी वाक्यं जुन्या पुस्तकांत पानोपानी भेटतात. ती ओळ गाळली तरी वरणफळं वरणफळंच राहतात. पुरणपोळीचंही तसंच. पुरणात हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलची आणि जायफळ, यात दुधाचा थेंबही नाही. पोळी शेंगदाण्याच्या तेलावर भाजा आणि दुधाऐवजी सुंठ घातलेल्या गुळवणीशी किंवा आमरसाशी खा. मराठवाड्याच्या केसर आंब्याचा रस काढला तर त्यात दूध घालावं असं वाटतही नाही.

तिसरी खूण खऱ्या अडचणीच्या कृतींना. इथे शब्दांकडे नीट लक्ष द्या, कारण दूध वेगवेगळ्या नावांनी येतं: साय, निरसं दूध, विरजण, कवडी दही, चक्का, खवा, मलई, लोण्याचा गोळा. चिरोट्यांचा साटा, म्हणजे पदर सुटावेत म्हणून पोळ्यांवर लावायचं मिश्रण, बहुधा तुपाचा असतो. शंकरपाळ्यांच्या आणि करंजीच्या मोहनातही, म्हणजे पिठात गरम करून घालतात त्यातही, तूप असतं. नुसती यादी वाचून भागत नाही, कृतीही शेवटपर्यंत वाचावी लागते. कणीक ‘दुधाच्या हबक्याने’ मळायला सांगितलेली असते आणि वरच्या साहित्यात दूध लिहिलेलंच नसतं.

पुस्तक साठच्या दशकाच्या आधीचं असेल तर मापं शेर, पावशेर, छटाक आणि तोळ्यांत असतील. एक तोळा म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅम, छटाक म्हणजे पाच तोळे, साधारण 58 ग्रॅम, आणि पावशेर 233 ग्रॅमच्या आसपास. धान्य मापायचा शेर गावोगाव वेगळा होता, त्यामुळे धान्याचं माप शेरात असेल तर ग्रॅमच्या मागे न लागता पदार्थांचं एकमेकांशी प्रमाण धरा. काही पुस्तकांत ‘डालडा’ किंवा ‘वनस्पती तूप’ सापडेल. ते झाडापासूनचंच आहे, पण जुन्या वनस्पती तुपात ट्रान्स फॅट भरपूर असायचं. 2022 पासून देशात तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आहे. तरी रोजच्या स्वयंपाकात ते परत आणावं असं मला वाटत नाही.

तुपाचं काम

फोडणी, परतणं आणि तळणं एवढंच काम असेल तर तेल बिनदिक्कत वापरा. तूप एक वाटी सांगितलं असेल तर तेल पाऊण वाटीपासून सुरू करा. पातळ असल्यामुळे ते पिठात पटकन पसरतं. शिऱ्यासाठी रवा शेंगदाण्याच्या तेलावर मंद भाजा, गुळाचं गरम पाणी घाला आणि एक पिकलेलं केळं कुस्करून टाका. केळ्यामुळे तुपाचा मऊपणा बराचसा भरून निघतो.

आपला भाग तेलबियांचा आहे, याचा पुरेपूर फायदा घ्या. करडई इथलं जुनं रब्बीचं पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या एका वाणाचं नावच ‘परभणी कुसुम’ आहे. लाकडी घाण्यावरचं करडीचं तेल मिळालं तर ते तळणीत जाळू नका, कच्चंच वापरा. ठेच्यावर, गरम पिठल्यावर, कुस्करलेल्या भाकरीवर चमचाभर सोडलं की तूप नसल्याची उणीव भासत नाही. तळणाला शेंगदाण्याचं तेल घ्या. लसूण लाल होईपर्यंत तेलात तळून ती फोडणी अंबाडीच्या भाजीवर ओतण्याची आपली पद्धत आहे. तीच फोडणी साध्या वरणावर घालून बघा. तुपाने येतो तो जडपणा वरणाला त्यातूनही येतो.

लाडवांत मात्र तूप वेगळं काम करतं. ते थंड झाल्यावर घट्ट होतं आणि लाडू धरून ठेवतं. तेल घट्ट होत नाही, म्हणून तेलाचा बेसनलाडू ताटात बसून जातो. खोबरेल तेल वापरा असा सल्ला सगळीकडे मिळतो, पण खोबरेल 24–25 अंशांच्या खालीच गोठतं. नांदेड-परभणीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तिथे हा सल्ला फक्त थंडीत उपयोगी पडतो. उन्हाळ्यात लाडू बांधायचे असतील तर गुळाचा पाक करा, नाहीतर भाजलेले तीळ किंवा शेंगदाणे तेल सुटेपर्यंत कुटा. बेसन थोड्या तेलावर खमंग भाजून त्यात हा शेंगदाण्याचा लगदा आणि बारीक किसलेला गूळ मळला की लाडू नीट वळतात. चव तुपातल्या बेसनलाडवासारखी लागणार नाही. तो शेंगदाण्याचा लाडू म्हणूनच खायचा.

चिरोट्यांच्या साट्याला थंडीच्या दिवसांत गोठलेलं, वास नसलेलं खोबरेल तांदळाच्या पिठीबरोबर फेसून घ्या. पदर छान सुटतात. शंकरपाळ्यांना कडकडीत तेलाचं मोहन पुरतं.

दह्या-ताकाचं काम

दही बहुतेक वेळा आंबटपणासाठी असतं, कधी पीठ मऊ करायला, कधी आंबवायला. तिन्ही कामं वेगळी.

आंबटपणाला आपल्याकडे काय कमी? चिंच, अंबाडी, चुका, कैरी, लिंबू. लातूरकडची पानचिंचोलीची चिंच तर नावाजलेली. कढीऐवजी उन्हाळ्यात कैरीचं सार करा, हिवाळ्यात चिंचेचं. धपाट्यांच्या पिठात दही असतं ते मऊपणासाठी. तिथे काकडीचा किंवा दुधीचा कीस त्याच्या सुटलेल्या पाण्यासकट घाला आणि चवीला दोन चमचे चिंचेचा कोळ. ज्वारीचं पीठ, मूठभर बेसन, थोडी कणीक, लसूण-मिरचीचं वाटण, तीळ, ओवा, हळद, मीठ. पाणी वेगळं लागत नाही. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाका. ही धपाटी दुसऱ्या दिवशी प्रवासातही मऊ राहतात, आणि दही नसल्यामुळे उन्हात खराब व्हायची भीती कमी.

आंबवण्याचं उदाहरण म्हणजे येळवशीची आंबील. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला सगळं गाव शेतात जेवतं, आणि भज्जी, उंड्यांबरोबर आंबील असतेच. ज्वारीचं पीठ ताकात भिजवतात ते आंबावं म्हणून. पण ज्वारीचं पीठ पाण्यातही आंबतं, त्याला वेळ तेवढा द्यावा लागतो. एक वाटी पीठ तीन वाट्या कोमट पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवा. मातीच्या भांड्यात घालून फडकं बांधा आणि चुलीजवळ किंवा उबेला ठेवा. डिसेंबरच्या थंडीत दीड दिवस लागतो, उन्हाळ्यात एक रात्र पुरते. वर बारीक बुडबुडे आले, वास स्वच्छ आंबट आला की उकळत्या पाण्यात ओतत, सतत ढवळत शिजवा. ठेचलेलं लसूण, आलं, जिरं, मीठ, कोथिंबीर घाला. कुबट वास आला किंवा वर रंगीत बुरशी दिसली तर टाकून द्या, वरचं काढून वापरू नका. भज्जीचा तर प्रश्नच नाही. तुरीचे सोले, हरभरा, वाल, शेंगदाणे, भाज्या, चिंच, बेसन, सगळं शेतातलं.

दहीच हवं असेल तर शेंगदाण्याचं करा. घरात एकदा जमलं की ताक, मठ्ठा, कढी, कोशिंबीर हे सगळे रस्ते उघडतात, म्हणून याला वेळ द्यावा. एक वाटी कच्चे शेंगदाणे सहा ते आठ तास भिजवा. काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशी आलेले दाणे आधीच निवडून टाका. सालं चोळून काढली तर रंग पांढरा येतो. तीन वाट्या पाणी थोडं थोडं घालत मिक्सरवर गंधासारखं वाटा आणि मलमलच्या फडक्यातून पिळून घ्या. हे दूध जाड बुडाच्या पातेल्यात दहा मिनिटं उकळा आणि हात थांबवू नका, कारण ते खाली फार लवकर लागतं. वरचा फेस काढून टाका. बोट सहज बुडवता येईल इतकं कोमट झालं की विरजण लावा.

विरजण म्हणून गाईम्हशीच्या दह्याचा चमचा घातला तर दही व्हीगन राहत नाही. त्याऐवजी वाळलेल्या लाल मिरच्यांची पाच-सहा देठं धुऊन दुधात सोडा. देठांवरच्या जिवाणूंनी दूध विरजतं. उन्हाळ्यात सात-आठ तासांत लागतं, थंडीत बारा तास लागतात आणि भांडं गोधडीत गुंडाळून ठेवावं लागतं. पहिलं दही जरा सैल आणि शेंगदाण्याच्या वासाचं होतं. देठं काढून त्यातलं चमचाभर पुढच्या विरजणाला ठेवा. पुढची दही जास्त घट्ट लागतात. पाणी वेगळं झालं तर फडक्यात बांधून टांगा. मठ्ठ्याला जिरं, कोथिंबीर, मिरची आणि काळं मीठ घातलं की शेंगदाण्याचा वास मागे पडतो. कढीला मात्र मंद आच हवी आणि चमचाभर बेसन जास्त, नाहीतर फुटते. पिळून राहिलेला चोथा धपाट्यांत किंवा चटणीत जातो.

दुधाचं काम

इथे मला एका जुन्या चालीकडे लक्ष वेधायचंय. लातूर-सोलापूरकडून पुढे विजापूर-कलबुर्गीपर्यंतच्या करडईच्या पट्ट्यात गव्हाची खीर करडईच्या दुधात करतात. कानडीत करडईला कुसुबी म्हणतात आणि त्या खिरीला कुसुबी हुग्गी. छापील पाकपुस्तकांत ही खीर क्वचितच दिसते, पण तुमच्या पुस्तकातल्या गव्हाच्या खिरीला ती सरळ लागू होते.

एक वाटी गहू ओलसर करून हलक्या हाताने कांडा, कोंडा पाखडून टाका आणि रात्रभर भिजवा. दुसऱ्या भांड्यात एक वाटी निवडलेली करडई भिजवा. खडे आणि मातीचे कण राहतात, म्हणून तीन-चार पाण्यांनी धुवा. सकाळी गहू कुकरमध्ये मऊ शिजवा. करडई दोन वाट्या पाण्यात वाटून गाळा. चोथ्यात आणखी दीड-दोन वाट्या पाणी घालून पुन्हा वाटा, पुन्हा गाळा. टरफल कडक असतं, त्यामुळे गाळण्याला कापडच हवं, चहाची गाळणी चालत नाही. शिजलेल्या गव्हात सव्वा वाटी गूळ विरघळवून घ्या, आच अगदी कमी करा आणि मगच करडईचं दूध धारेने ओतत ढवळत राहा. रटरटा उकळी आणू नका, त्याने दुधाचे कण धरतात. पाच-सात मिनिटांत खीर दाटते आणि तिला मातकट-खमंग वास येतो. सुंठ, वेलची, खसखस, सुक्या खोबऱ्याचे काप घाला. चोथा गुरांना चालतो.

बाकी दुधांबद्दल थोडक्यात. नारळाचं दूध गुळाबरोबर फाटत नाही, म्हणून शेवयांच्या आणि तांदळाच्या खिरीला ते सोपं. तांदूळ पाण्यात शिजवा आणि घट्ट दूध गॅस बंद करून घाला. सोयादूध घरी करणं लातूरच्या आडत बाजारामुळे आपल्याला स्वस्त पडतं. सोयाबीन आठ-दहा तास भिजवून सालं काढा, गरम पाणी घालून वाटा म्हणजे उग्र वास कमी येतो, आणि गाळल्यावर वीस मिनिटं उकळा. ही उकळी टाळू नका, कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडथळा करणारे घटक असतात. त्याच दुधात लिंबाचा रस घालून फाडलं, बांधून दाबलं की पनीरच्या कृतींसाठी टोफू तयार.

बासुंदी, खव्याच्या करंज्या, श्रीखंड, पेढे यांच्यापासून सुरुवातीला लांब राहा. तिथे दूध हाच पदार्थ आहे, आटवून किंवा बांधून केलेला. धाराशिवच्या कुंथलगिरीचा पेढा ज्याने खाल्लाय त्याला काजूचा पेढा देऊन तो तसाच आहे असं सांगू नये. गोड हवंच असेल तर सांजोरी, तिळाची पोळी, पुरणपोळी, गुळाच्या दशम्या आहेत. दशम्यांत दूध लागतं तिथे नारळाचं घ्या.

चहा हा रोजचा प्रश्न. सोयादूध गरम चहात थंडच ओतलं तर फुटतं, ते वेगळं गरम करून चहा खाली उतरवल्यावर घाला. पण मी तरी गवती चहा, आलं आणि गुळाचा कोराच सांगेन.

दुकानात आणि घरात

पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे मांस-अंडी नाहीत, एवढंच. दूध त्यात चालतं. बिस्किटं, खारी, टोस्ट, फरसाण घेताना घटकांत दूध भुकटी, व्हे, केसीन, बटर, तूप हे शब्द शोधा. 2022 पासून व्हीगन पदार्थांसाठी वेगळी सरकारी खूण आहे, हिरव्या चौकटीतला ‘व्ही’ आणि त्यावर पान. आपल्या तालुक्याच्या दुकानांत ती अजून कमीच दिसते, म्हणून घटकांची यादी वाचायची सवय लावा.

घरात एकट्यानेच सुरुवात केली असेल तर स्वयंपाक दोनदा करू नका, करायलाही लावू नका. फोडणी तेलाची ठेवा आणि तुपाचं भांडं ताटाजवळ, ज्याला हवं तो वाढून घेईल. ‘आजी, माझ्या वरणात नको, तुम्ही घ्या’ एवढ्यावर भागतं. नैवेद्याचा किंवा सत्यनारायणाचा प्रसाद बदलायला जाऊ नका, तो घरच्या मोठ्यांचा विषय आहे. उपवासाला तर तुमचंच ताट सगळ्यांत सोपं: भगर, शेंगदाण्याची आमटी, शेंगदाण्याच्या तेलातली साबुदाण्याची खिचडी, रताळं.

एक गोष्ट मात्र पाककृतीने सुटत नाही. बी-12 जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. दूध-दही बंद करणाऱ्याला त्याची गोळी किंवा बी-12 मिसळलेले पदार्थ लागतात, आणि ते डॉक्टरांना विचारून, रक्त तपासून सुरू करावं. घरच्या शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या दुधात गाईच्या दुधाएवढं कॅल्शियम नसतं. त्यासाठी नाचणी, तीळ, राजगिरा आणि शेवग्याचा पाला रोजच्या जेवणात आणा. लहान मुलं, गरोदर बाई किंवा बाळंतीण यांचं दूध डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बंद करू नका, आणि तान्ह्या बाळाला घरी केलेलं कुठलंही वनस्पतीचं दूध दुधाऐवजी पाजू नका.